माणूस बदलल्यास कळवावे

"फोन स्वतःच्या कानाला नको, मशीनकडं धरा!" असं आमचे हकीमसाब ओरडून सांगायचे आणि आमच्या ऑफिसातलं सगळं टायपिंग थांबायचं.

ट्रंक कॉल लागायला अर्धा दिवस गेलेला असायचा. पलीकडं कुणी डाळ मिलवाला जीव तोडून आपली अडचण सांगत असायचा, आणि हे गृहस्थ त्याला गप्प करून रिसीव्हर मिलच्या दिशेनं धरायला लावायचे. मग डोळे मिटून, दुसऱ्या कानात बोट घालून उभे राहायचे. मिनिटाभरानं म्हणायचे, "डाव्या बाजूचं बेअरिंग. ग्रीस घालून भागणार नाही, बदला. आणि तूर सोडणाऱ्याला सांगा, इत्मिनानानं सोड. मागं कुणी लागलेलं नाही."

दरवेळी त्यांचं निदान बरोबर यायचं असं नाही. एकदा लासूर स्टेशनच्या एका मिलला त्यांनी फोनवरून पट्टा बदलायला सांगितला, आणि निघाला शाफ्ट वाकलेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते लासूरला गेले. शाफ्ट दुरुस्त करायला माणूस वेगळा गेला होता. हे गेले ते फक्त माफी मागायला.

तेव्हा औरंगाबादेत चिकलठाण्याला नवे नवे कारखाने उभे राहत होते. आमचा कारखाना लहानसाच, डाळ मिलची यंत्रं बनवणारा. मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले, आणि माझ्या टेबलासमोर ज्यांचं टेबल होतं ते हे सर्व्हिस खात्याचे प्रमुख. खात्यात प्रमुख तेच आणि माणूसही तेच. कारखान्यातले फिटर त्यांना हकीमसाब म्हणायचे, कारण मशीन बंद असो की चालू, ते आधी त्याच्यावर तळहात ठेवून उभे राहत. लहानपण हैदराबादेत, रेल्वे वर्कशॉपच्या चाळीत गेलेलं. त्यामुळं मराठी बोलताना निम्मे शब्द उर्दू यायचे. गिऱ्हाइकांना ते मुसलमान वाटायचे. ते नव्हते, पण त्यांनी हा गैरसमज कधी दुरुस्त केला नाही. "माझ्यानं जे दुरुस्त होतं तेवढंच मी करतो," असं मला एकदा म्हणाले होते.

बायको लवकर गेलेली. शहागंजात एका खोलीत एकटे राहायचे. कपडे दोनच रंगांचे, खाकी आणि त्याहून जुनी खाकी.

विक्री खात्यातल्या लोकांशी त्यांचं कधी जमलं नाही. मशीन ट्रकवर चढलं की विक्रीवाले पेढे वाटायचे. हे पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "तुमचं संपलं म्हणून तुम्ही खाता. माझं आज सुरू झालं." त्या काळी बाकीचे कारखाने मशीन विकायचे आणि नंतर पत्रालाही उत्तर द्यायचे नाहीत. आमच्या मालकांना यांनी दोन वर्षं मागं लागून पटवलं होतं की मशीन एकटं विकायचंच नाही. मशीन, त्याची बसवणी, चालवणाऱ्याचं शिक्षण, दर तीन महिन्यांनी एक फेरी, आणि रोलरवरचा एमरीचा खडबडीत थर झिजला की तो नव्यानं चढवून देणं, हे सगळं मिळून एकच वस्तू. तिची किंमतही एकच. मालकांना आधी हा वेडेपणा वाटला. पण मिलवाले एकमेकांना सांगू लागले, की या कारखान्याचं मशीन घेतलं तर पाठोपाठ त्यांचा म्हातारा येतो, आणि येतच राहतो. ऑर्डरी वाढल्या. मग मालक पाहुण्यांना सांगू लागले, की ही कल्पना मुळात त्यांचीच.

त्यांच्याकडं एक जाड रजिस्टर होतं. प्रत्येक मशीनला एक पान. पानाच्या माथ्यावर मिलच्या मालकाचं नाव नसायचं. मशीन चालवणाऱ्याचं असायचं. त्याचं वय, तो डावरा की उजवा, त्याला वाचता येतं का, पोरं किती. मिलमालकाचं नाव खाली, पत्त्यासोबत. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, मशीन बिघडत नाही. हात बदलतो आणि मग मशीन बिघडतं. जुना माणूस रोलरच्या आवाजावरून ओळखतो की दाणा ओला आहे. नव्याला ते समजेपर्यंत निम्म्या डाळीचा चुरा, चुनी होते, आणि नाव आपलं बद्दू होतं."

म्हणूनच त्यांनी करारात एक कलम घालून घेतलं होतं. ते मी शेकडो वेळा टाइप केलं असेल. "यंत्र चालवणारा माणूस कंपनीने शिकवलेला असावा. माणूस बदलल्यास कंपनीस कळवावे. नव्या माणसाचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत देखभालीची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही."

सह्या करताना हे कलम कुणी वाचत नसे.

त्यांनी शिकवलेल्या माणसांत उत्तम नावाचा एक होता. गंगापूरकडच्या एका बाजारगावी मोठी मिल होती, तिथला. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं आजही तीच घरं आहेत. उत्तम गावाबाहेरच्या दलित वस्तीत राहायचा, सातवी शिकलेला, आणि हकीमसाब ज्याचं नाव निघालं की खुर्चीत सरळ होऊन बसत असा एकमेव माणूस. मिलवाले शेठ त्याला उत्तम्या म्हणायचे. हे उत्तमराव म्हणायचे, शेठसमोर तर मुद्दाम मोठ्यानं. "मी त्याला आठ दिवस शिकवलं," ते सांगायचे, "नवव्या दिवशी त्यानं मला चाळणीचा कोन बदलून दाखवला. वल्लाह, मला वीस वर्षांत सुचला नव्हता."

मग तो पावसाळा आला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. शहरात बंद, मोर्चे, दगडफेक. एसटी बंद. आमच्या घरी या विषयावर जेवताना बोलायचं नाही असा नियम वडिलांनी केला होता, आणि मला तो सोयीचा वाटायचा. मी तेवीस वर्षांची होते. नाव बदलेल किंवा नाही बदलणार, मला काय त्याचं, असं मी मनात म्हणत असे. खेड्यांतून बातम्या येत होत्या. वस्त्या जळाल्या, माणसं रानात लपली, काही शहरात आली.

अशात एके सकाळी त्या बाजारगावच्या शेठचा फोन आला. चुनी फार पडतेय म्हणाले. हकीमसाबनी नेहमीप्रमाणं रिसीव्हर मशीनकडं धरायला लावला. ऐकलं. मग विचारलं, "मशीनवर कोण आहे?"

"भाचा हाय माझा. शिकतोय."

"उत्तमराव कुठं आहेत?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. हे म्हणाले, "गेला म्हणजे कुठं गेला?" पुन्हा थोडा वेळ ऐकत राहिले. मग कुठलाही निरोप न घेता त्यांनी फोन ठेवला आणि पिशवी उचलली.

एसटी नव्हत्याच. ते रेल्वेनं जवळच्या स्टेशनापर्यंत गेले आणि तिथून चालत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले तेव्हा चपलांना चिखल वाळलेला होता. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "फेरीचा अहवाल घ्या."

फेरीच्या अहवालाचे रकाने ठरलेले असत. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले.

"यंत्राची स्थिती: ठीक. रोलर: ठीक. चाळण्या: कोन बिघडवलेला. चालवणारा: गैरहजर." थोडं थांबले. "चालवणाऱ्याचं घर: जळालेलं. शेजारची घरं: जळालेली. मोजली नाहीत."

घराचा रकाना अहवालात नव्हता. मी त्यांच्याकडं पाहिलं.

"टाइप करा, बाई," ते म्हणाले. "खाली माझी सही राहील."

आठवड्यानं एसटी सुरू झाल्यावर शेठ स्वतः कारखान्यात आले. मालकांच्या केबिनमध्ये बैठक झाली. मी टिपणं घ्यायला बसले होते. शेठ तावातावानं म्हणाले, "मशीन मी घेतलं. त्याच्याबरोबर मी कोण कामाला ठेवायचा ते तुमी सांगणार?"

हकीमसाब शांतपणे म्हणाले, "नुसतं मशीन तुम्ही घेतलंच नाही, शेठ. ते चालतं राहील हा आमचा शब्द तुम्ही घेतला. तो शब्द आम्ही उत्तमरावांच्या भरवशावर दिला होता. ते तिथं नाहीत, म्हणजे आमचा शब्दही तिथं नाही. कलम वाचा."

"त्याला मी काढला नाय. तो पळाला."

"का पळाला?"

शेठ मालकांकडं वळले. "साहेब, गावात वातावरण कसं हाय ते ह्यांना शहरात बसून काय कळणार? मी एकटा काय करू? त्याला परत ठेवला तर उद्या माझी मिल पेटवतील."

त्या वाक्यात भीती खरी होती. ते मला तेव्हाही जाणवलं. हकीमसाबनाही जाणवलं असावं, कारण त्यांनी समोरचा करार मिटून ठेवला.

शेठ गेल्यावर मालकांनी मला एक पत्र सांगितलं: या मिलपुरतं ते कलम लागू राहणार नाही, नेहमीप्रमाणं देखभाल सुरू राहील. आणखी दोन मिलवाल्यांनी ऑर्डरी थांबवल्याची बातमी मालकांपर्यंत आली होती. मी पत्र टाइप केलं. माझं कामच होतं ते. पत्रावर सर्व्हिस खात्याची सही लागायची. हकीमसाबनी ते वाचलं, सही न करता माझ्या टेबलावर ठेवलं, आणि त्यावर पेपरवेट ठेवलं, उडू नये म्हणून. मालकांनी ते पुन्हा मागवलं नाही. पत्र तसंच, न पाठवता, फायलीत गेलं.

"उत्तमराव शहरात आहेत," त्याच दुपारी ते मला म्हणाले. "रेल्वे लाइनीपलीकडं साडूच्या घरी. तुमचं घर त्या बाजूला आहे ना? रविवारी माझ्याबरोबर चला. त्यांच्या घरच्या बाई आहेत, मला एकट्याला बोलता येणार नाही."

मी गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. नाही म्हणायला कारण सुचलं नाही, इतकंच खरं.

पत्र्याच्या एका खोलीत तीन कुटुंबं होती. उत्तमनं बाहेर पोतं अंथरलं. त्याच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत फडकं बांधलेलं होतं. त्याची बायको गयाबाई दारात उभी राहिली. मांडीपर्यंत येणारी मुलगी तिच्या लुगड्याला धरून होती. हकीमसाब बसले आणि बसताच पिशवीतून कराराची प्रत काढली. ते घाईत होते, जवळजवळ खुशीत होते.

"उत्तमराव, हे बघा. कलम आहे. मी आजपर्यंत तुम्हाला दाखवलं नव्हतं. त्यांना तुम्हाला परत मशीनवर घ्यावंच लागेल, नाहीतर आपण मशीनला हात लावणार नाही. सहा महिन्यांत मिल बंद पडेल. तुमची जागा कुणी घेऊ शकत नाही."

उत्तमनं कागद घेतला. ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत त्यानं तो सगळा वाचला. मग घडी घालून परत दिला.

"कागद खरा हाय, साहेब. ह्यात मशीन हाय, चालवणारा हाय. राहणारा कुठंय?"

"म्हणजे?"

"मिलमधी मी आठ तास. बाकीचे तास कुठं काढू?"

हकीमसाब काहीतरी बोलायला गेले. तेवढ्यात दारातून गयाबाई बोलली, आवाज न चढवता. "पेटवायला आले त्यायच्यात मिलचे हमाल व्हते. ह्यायच्या हाताखालचे. ह्यायनी एकेकाला नावानं हाका मारल्या. कुणी वळून बघितलं नाय."

बाजूच्या रुळांवरून एक मालगाडी गेली. मी हकीमसाबांकडं पाहिलं. जो माणूस कित्येक मैलांवरच्या बेअरिंगचं दुखणं ओळखायचा, तो मान खाली घालून हातातल्या घडीकडं बघत होता.

"उत्तमराव, चूक झाली," ते म्हणाले. "कलम मी मशीनसाठी लिहिलं होतं. आज ते तुमच्यासाठी आहे असं समजून आलो. ते तसं नाही."

आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी ते मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं, की सर्व्हिस खात्यात दुसरा माणूस हवा आहे आणि तो माणूस उत्तमराव आहे. दार अर्धवट उघडं होतं. मालक म्हणाले, "अहो, आत्ताच्या दिवसांत? हा गावोगाव जाणार, आणि लोक याला मिलमध्ये घेतील?"

"जिथं घेणार नाहीत तिथं मीही जाणार नाही."

"मग खातंच बंद करा ना!"

"ते मालकांच्या हातात आहे."

चार दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मालकांनी मला नेमणुकीचं पत्र सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांना धंदा कळत होता, आणि तीस-पस्तीस मिलवर आता एकटा म्हातारा पुरणार नाही हेही. पत्र देताना त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "तुमच्या जबाबदारीवर."

उत्तमनं कामाला येताना एक अट घातली. तो कुठल्याही गावी जाईल, पण त्या गावी नाही. आणि कुणी जात विचारली तर खोटं सांगणार नाही. हकीमसाब म्हणाले, "बिलकुल." सुरुवातीची काही वर्षं दोघं बरोबरच फिरले. दोन मिलनी उत्तमला दारातूनच परत पाठवलं. दोन्ही वेळा हकीमसाब मशीन न बघता त्याच्या मागोमाग बाहेर आले आणि पुढची एसटी येईपर्यंत दोघं फाट्यावर बसून राहिले. त्यातल्या एका मिलनं पुढं पत्र लिहून बोलावलं. दुसरीनं कधीच बोलावलं नाही.

त्या बाजारगावच्या शेठचं मशीन दीड वर्षात खिळखिळं झालं. बाहेरच्या फिटरांनी रोलरची वाट लावली होती. शेवटी शेठचं पत्र आलं, भाच्याला शिकवा म्हणून. मागितलं तर करारानुसार शिक्षण देणं आम्हाला भागच होतं. हकीमसाबनी ते पत्र उत्तमपुढं ठेवलं. "मी शिकवतो," ते म्हणाले. "तुम्ही यात पडू नका."

उत्तमनं पत्र दोन दिवस ठेवून घेतलं. मग म्हणाला, "त्याला हिकडं पाठवायला सांगा. मी शिकवीन."

तो भाचा आला. वीस-बावीसचा, भेदरलेला. पहिल्या दिवशी तो उत्तमच्या तोंडाकडं बघतच नव्हता. आठ दिवस उत्तमनं त्याला चाचणी मशीनवर उभं केलं: दाणा हातात चोळून ओलावा कसा ओळखायचा, रोलर तापला की काय करायचं, चाळणीचा कोन. आवाज न चढवता, काही न लपवता. शेवटच्या दिवशी पोरानं वाकून त्याच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला. उत्तमनं पाय मागं घेतले.

मी नंतर त्याला विचारलं, "सगळं शिकवलंस त्याला? मन झालं?"

"बाई, अर्धं शिकवलं असतं तर त्याचा हात गेला असता रोलरमधी," उत्तम म्हणाला, आणि हात धुवायला नळावर गेला.

हकीमसाबनी मात्र ते कलम त्यानंतर बदलायचा फार प्रयत्न केला. चालवणाऱ्याचं घर, त्याची सुरक्षितता, असं काही त्यात यावं म्हणून. मला पाच-सहा मसुदे सांगितले. प्रत्येक वेळी मालक त्यावर रेघ मारायचे. म्हणायचे, यावर कोण सही करील? निवृत्तीच्या आदल्या आठवड्यातही त्यांनी एक मसुदा सांगितला. तोही परत आला. उत्तम त्यांच्या खुर्चीवर बसला आणि रजिस्टर त्याच्याकडं गेलं.

कित्येक वर्षांनी, मोर्चे, लाठ्या, तुरुंग आणि मरणं होऊन गेल्यावर, विद्यापीठाला नाव मिळालं. त्या दिवसांत मी हकीमसाबना भेटायला गेले. अंथरुणाला खिळले होते. शेजारच्या खोलीतल्या बाई त्यांचं करायच्या. मी मिठाई नेली होती. त्यांनी तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चघळत राहिले, आणि मग म्हणाले, "बाई, तो रविवार आठवतो? पत्र्याच्या खोलीतला?"

"आठवतो."

"त्यांच्या हाताला फडकं होतं. मी बघितलं होतं. बसल्याबरोबर कागद काढला. काय झालं, कसे आहात, लेकरू कसं आहे, काही विचारलं नाही. आधी कागद." ते थांबले. श्वास घेतला. "मग पुढं नोकरीभर रोज बरोबर असायचो. पुन्हा तो विषय निघाला नाही. त्यांनी काढला नाही, मी काढला नाही. सोळा वर्षं झाली."

मला काहीतरी दिलासा द्यायचा होता. तुम्ही किती केलंत त्यांच्यासाठी, असं म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "मीही विचारलं नव्हतं."

त्यांनी मान हलवली. ते ठीक आहे, किंवा मला ठाऊक आहे, यांतलं काय ते मला आजही कळलेलं नाही. महिनाभरानं ते गेले.

त्यानंतरच्या रविवारी मी उत्तमच्या घरी गेले. आता त्याचं सिडकोत दोन खोल्यांचं घर होतं. तो पैठणकडं एका मिलवर गेला होता. गयाबाई एकटीच होती, गहू निवडत बसलेली. मी तिच्यासमोर खाली बसले. कशी सुरुवात करावी ते कळेना. शेवटी सरळच विचारलं, "गयाबाई, त्या दिवशी गावात काय झालं होतं?"

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मला पहिल्यांदाच बघतेय.

"आता विचारता व्हय?" ती म्हणाली.

तिनं सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले, आणि सांगायला लागली. दुपारचं ऊन उतरून गेलं, उत्तम घरी आला, दारातच थबकला आणि तिच्याजवळ येऊन बसला. तिचं सांगून संपलं नव्हतं.